चार बोटं वर

१४ जून

ताई,

फोन करू नकोस, पत्र लिही, असं तू म्हणालीस तेव्हा मला हसू आलं. गेल्या वीस वर्षांत मी सही आणि दोन ओळींच्या चिठ्ठीपलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही. पण कारण पटलं. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि पलंगावरून आपला नाकतोडा विचारतो, 'कोण होतं? काय म्हणालं? मग तू अशी का बोलत होतीस?' पंधरा वर्षांच्या पोरीपासून काही लपवायचं म्हणजे सोपं काम नाही. आणि नाकतोडा हे नाव मीच तिच्या तंगड्या बघून ठेवलेलं. परवा तिला निरोपाची चिठ्ठी पाठवताना ते लिहावं की नाही, असं झालं. शेवटी लिहिलंच. नसतं लिहिलं तर तिने लगेच ओळखलं असतं की मामा जपून बोलतोय.

इकडचं सगळं ठीक आहे. भाऊजी पहिले चार दिवस ताठ होते, 'मला येतो स्वयंपाक' म्हणून. पाचव्या दिवशी काळंठिक्कर पडलेलं पातेलं घेऊन आमच्या दारात उभे राहिले, हे कशाने घासतात ते विचारायला. आमच्या हिने सरळ ताट वाढलं. आता रोज संध्याकाळी येतात, जेवतात, आणि निघताना 'उद्या येणार नाही' म्हणतात. दर दुसऱ्या शनिवारी तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांना जरा पोटभर जेवायला लाव, ते खाली बघून भराभर जेवतात.

तू विचारलंस, हाडात गाठ आहे हे एकदा कळलं तर ती आधी कापून का टाकत नाहीत, अडीच महिने नुसती औषधं कसली देत बसतात. मी आमच्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, हा आजार हाडात दिसतो तेवढाच असतो असं नाही. फुप्फुसाचं स्कॅन स्वच्छ आलंय, ते फार चांगलं, पण डोळ्यांना न दिसणारे कण रक्तातून कुठे जाऊन बसले असतील तर त्यांना आधी गाठायला हवं. औषध अंगभर फिरतं, चाकू फिरत नाही. शिवाय नंतर काढलेलं हाड तपासतात आणि त्यातला किती आजार मेला ते मोजतात, म्हणजे औषध लागू पडलं की नाही ते कळतं. तुकडा काढून तपासायचं कामही आमच्याकडे केलं नाही, त्यालाही कारण आहे. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाटसुद्धा पुढे कापून काढावी लागते, म्हणून जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानेच सुई घालायची. आमचे डॉक्टर तसे घाईचे, पण त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला आणि तासाभरात तुम्हाला तिकडे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्यांचे उपकार आहेत.

एक विचारायचं होतं. मार्चमध्ये मी तिचा एक्स-रे फोटो काढला होता आणि त्यात गुडघा साफ होता, हे तू तिथल्या डॉक्टरांना सांगितलंस का? सांगितलं असशील तर ते काय म्हणाले? सहज विचारतोय.

धाकटा


५ जुलै

ताई,

पत्र मिळालं, तीनदा वाचलं. केस गळायची वाट न बघता तिने आधीच मशीन फिरवून घेतलं, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी दात हलायला लागला की ती स्वतःच ओढून काढायची आणि रक्ताळलेलं तोंड घेऊन दाखवायला यायची. तू मात्र रडलीस आणि तिने तुला गप्प केलं, असं लिहिलंयस. चालायचंच. तिने रडायचं तेव्हा ती रडेल, तिच्या वेळेला.

पहिलं औषध लाल होतं, त्याने लघवीसुद्धा लाल झाली आणि तू घाबरलीस. तिथल्या नर्सने आधी सांगायला हवं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. आत्ताचं पिवळं आहे ते जास्त जपायचं. ते अंगात रेंगाळलं तर मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून रात्रंदिवस सलाइन, आणि दर वेळी लघवीत कागदाची पट्टी बुडवून रंग बघणं. ठरलेल्या तासाला उताऱ्याचं औषध देतात, ते मिनिटभरही मागेपुढे होऊ देऊ नकोस. तू घड्याळ लावून ठेवतेस हे बरं करतेस. तोंड आलंय म्हणतेस, तर गार आणि पातळ जे जाईल ते जाऊ दे, खाण्यावरून भांडू नकोस. आणि कानांची तपासणी चुकवू नका. लाल औषधाबरोबर जे तिसरं देतात त्याने बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, ते लवकर पकडलेलं बरं.

'लाल झालं, पिवळं झालं, निळं कधी देणार?' असं तिने डॉक्टरांना विचारलं, हे मी आमच्या खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. मग एकजण म्हणाला, तुमच्यावर गेलीय. मी एक्स-रेची प्लेट लावायला म्हणून आत निघून गेलो.

आता खेळाच्या बाईंचं. तू शाळेला पत्र लिहिलंस हे मला भाऊजींकडून कळलं होतं. 'नऊ आठवडे त्या बाईने माझ्या पोरीला दुखऱ्या पायावर अडथळ्यांवरून उड्या मारायला लावल्या,' हे वाक्य तू मलाही लिहिलंयस. राग समजतो. पण ताई, मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला हाडाच्या आतलं काय दिसणार? आमच्यासारख्यांना दिसत नाही तर. तू पुढे लिहितेस, 'तू तरी वेळेवर फोटो काढून दिलास, तू तुझं काम केलंस.' हे तू लिहायला नको होतंस. म्हणजे मला असं म्हणायचंय की त्यात विशेष काही नव्हतं.

बाईंचं सध्या राहू दे. आधी पोरगी बरी होऊ दे, मग बघू.

भाऊजी अजूनही रोज 'उद्या येणार नाही' म्हणतात.

धाकटा


२१ जुलै

ताई,

आज खेळाच्या बाई आमच्या विभागात आल्या. मी एका म्हातारबाबांच्या खांद्याचा फोटो काढत होतो. बाहेर आलो तर बाकावर त्या. मांडीवर मोठं पाकीट. त्यात संघातल्या मुलींनी नाकतोड्याला लिहिलेल्या चिठ्ठ्यांची थप्पी होती. तुझा पत्ता त्यांना शाळेतून मिळेना, म्हणून माझ्याकडे दिली. या पत्राबरोबरच पाठवतोय.

मी विचारलं, "मैदान कसं चाललंय?"

"मैदानावर आता दुसऱ्या आहेत. मला ग्रंथालयात बसवलंय. पुस्तकांना कव्हरं घालते."

त्यांनी हे साध्या आवाजात सांगितलं. मी काहीतरी 'होईल, होईल' पुटपुटलो. काय होईल ते मलाच माहीत नव्हतं. मग त्यांनी पर्स उघडून एक कागद काढला, चार घड्या घातलेला. आमच्या हॉस्पिटलचा कागद. 'गुडघ्याची तपासणी केली असता दोष आढळला नाही. सराव करण्यास हरकत नाही.' खाली आमच्या डॉक्टरांची सही. अक्षर माझं.

"मी तिला दोनदा थांबवलं होतं हो," बाई म्हणाल्या. "फेब्रुवारीच्या शेवटी एकदा. मग मार्चमध्ये, तिची चाल बिघडली तेव्हा. म्हटलं, डॉक्टरचं लिहून आण, तोवर पळायचं नाही. तर दोन दिवसांनी ही चिठ्ठी घेऊन आली. कसली खूश होती."

मी कागद त्यांना परत दिला.

"चुकलं असेल माझंही. एप्रिलमध्ये ती लंगडत होती, तेव्हा मी परत थांबवायला हवं होतं. पण हे हातात होतं ना. तुम्हीच काढला होता ना फोटो?"

"हो."

"मग एक विचारू? रागावू नका. तुम्ही लोक बघता तेव्हा नीट बघता ना?"

मी म्हणालो, "बघतो की."

त्यांनी मान हलवली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गेल्या. मला त्या जरा वेळ थांबून भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाकावरचं पाकीट उचलायचंही मला सुचलं नाही, आतून कोणीतरी आणून दिलं.

उरलेलं उद्या लिहितो. हे पत्र आज टाकत नाही.


२२ जुलै

ताई,

काल पुढचं लिहायचा धीर होईना. आज लिहितो, आणि लिहिलेलं परत न वाचता पाकीट बंद करणार आहे.

१७ मार्चला ती शाळेतून थेट माझ्याकडे आली. तूच पाठवली होतीस, 'मामाला एकदा दाखव' म्हणून. हाडांच्या डॉक्टरांच्या दारात पन्नासेक माणसं होती. तिला एवढा वेळ कशाला बसवायचं? इतकी वर्षं तिथे काम करून भाचीसाठी एवढंही करता येऊ नये? मी डॉक्टरांना जाता जाता मधल्या वाटेत गाठलं. म्हणालो, "भाचीचा पाय दुखतोय, एक फोटो काढून घेतो." ते म्हणाले, "कुठे दुखतोय?" मी म्हणालो, "गुडघा." त्यांनी भिंतीवर कागद टेकवून 'गुडघा' लिहिलं आणि सही केली. पोरीला त्यांनी बघितलंसुद्धा नाही, ती तेव्हा पाणी प्यायला गेली होती. रांगेत बसली असती तर तिचा दीड तास गेला असता, पण त्यांनी तिला आडवं करून पाय वरपासून खालपर्यंत दाबून बघितला असता. ते सगळ्यांचा बघतात. मी ओळखीने तिची रांग चुकवली आणि ते चुकलं.

आता फोटोचं. आमच्या यंत्रातून आधी दिव्याचा चौकोन अंगावर पडतो. जेवढा चौकोन, तेवढाच फोटो येतो आणि तेवढेच किरण लागतात. दोन खुंट्या फिरवून तो लहानमोठा करायचा. माझा चौकोन नेमका असतो, याचा मला किती तोरा आहे ते तुला माहीत आहे. नव्याने कामाला लागलेल्यांना मी हेच सांगत आलोय की हवं तेवढंच घ्या, माणसाला एक कणभर किरण जास्त देऊ नका. गुडघ्याच्या फोटोत मांडीचं हाडही वर चांगलं वीतभर घ्यायचं असतं. मी ते कधी पूर्ण घेत नाही. आणि त्या दिवशी ती घरची पोर, त्यातून वाढत्या वयाची, म्हणून मी खुंट्या आणखी आवळल्या. गुडघ्याच्या वर जेमतेम दोन बोटं हाड आलं.

आजार चार बोटं वर होता.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी जे दाखवलं ते वाचलं. गुडघा साफ आहे असं लिहिलं आणि तो साफच होता. ती चिठ्ठी मी लिहिली आणि डॉक्टरांची सही आणली, कारण पोरगी दोन दिवस मागे लागली होती की स्पर्धा जवळ आली. १९ मेला ती पडली आणि मांडीला सूज दिसली, तेव्हा दुसरा फोटो माझ्या सहकाऱ्याने काढला, पूर्ण मांडीचा. मी त्याच्या मागे उभा होतो. हाडाची कड पिंजल्यासारखी झालेली, वरचं पातळ आवरण उचललेलं. बावीस वर्षांत मी असे चार-पाच फोटो पाहिलेत, मला कोणी सांगायची गरज नव्हती. सगळे तुमच्या गाडीची व्यवस्था करत होते तेव्हा मी कॉम्प्युटरवर मार्चचा फोटो उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मग बंद केले. मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही.

ती गुडघा धरूनच आली होती, त्यामुळे तेव्हा मलाही शंका आली नाही. एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

तू तिला 'मामाने बघितलंय, आता नाटकं पुरे' म्हणून मैदानावर पाठवायचीस. ते तू मनाला लावून घेतलंयस, हे भाऊजींनी मला सांगितलं. ते तू माझ्या शब्दावर केलंस. बाईंनीही माझ्याच कागदावर केलं. रागवायचं तर माझ्यावर रागव.

धाकटा


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, पण टपाल येतं त्या वेळेला मी दारात असतो, हे खरं.

ऑपरेशन पंचवीसला आहे असं भाऊजींनी सांगितलं. तुझा निरोप त्यांनाही गेला असणार, कारण पत्र पोचल्यावर तीन दिवस ते जेवायला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले. मी दार उघडलं तर म्हणाले, "राग आहेच. पण भूकही लागते." हिने त्यांना दोनदा वाढलं आणि मला विचारलंही नाही. तिलाही मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. निघताना भाऊजी 'उद्या येणार नाही' म्हणाले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आले.

तू वाचत असशील असं धरून काय काय केलं ते लिहितो.

शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं आणि लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "पण आईची तक्रार आहे." मी म्हणालो, "आईला हे माहीत नव्हतं. मी लपवलं होतं." बाई सोमवारपासून परत मैदानावर आहेत. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या शिट्टी तोंडात धरून अडथळ्यांची उंची बदलत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. शिट्टी काढली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी विचारलं होतं मी तुम्हाला." एवढंच बोलून कामाला लागल्या.

आमच्या प्रमुखांनाही लेखी दिलं. चौकशी झाली. मला एक महिना जुन्या फोटोंच्या खोलीत बसवलंय, वर्षांप्रमाणे लावायला. तक्रार नाही. मोठी माणसं बसली आणि त्यांनी ठरवलं की विशीच्या आतल्या कोणाचा गुडघा दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल तर मांडीचं हाड भरपूर वरपर्यंत घ्यायचं, आणि नातेवाईक असो की साहेब असो, डॉक्टरांनी हात लावून बघितल्याशिवाय चिठ्ठी नाही. तो कागद मीच भिंतीला चिकटवला.

तुला जो प्रश्न पडला असेल तो मी आमच्या डॉक्टरांना विचारला. नऊ आठवड्यांनी काय फरक पडला? त्यांनी दोन्ही फोटो परत उघडून बघितले. मग म्हणाले, "मला माहीत नाही. तेव्हा सापडलं असतं तरी हीच औषधं, हेच ऑपरेशन झालं असतं असं मला वाटतं. थोडं कमी हाड काढावं लागलं असतं. पण खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही." मग म्हणाले, "मीही तिला न बघता सही केली." मी तुला यातलं बरं तेवढंच उचलून सांगत नाहीये, त्यांनी जे सांगितलं ते सगळं सांगतोय.

ऑपरेशनचं तुला तिथे समजावलं असेल. आजारी हाड दोन्हीकडची चांगली कड धरून काढतील आणि तिथे धातूचा सांधा बसवतील. पाय वाचतोय, कारण रक्ताच्या मोठ्या नळीपासून गाठ लांब आहे. उड्या मारता येणार नाहीत. चालता येईल, जिने चढता येतील, सायकलही कदाचित. तिला हे कोणी स्पष्ट सांगितलंय का? नसेल तर तू सांग, ऑपरेशनच्या आधी सांग. तिला नंतर कळलं तर ती कोणावरच विश्वास ठेवणार नाही.

मी येऊ का, असं विचारणार होतो. विचारत नाही. तू बोलावलंस तर येईन.

धाकटा


१८ सप्टेंबर

नाकतोड्या,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं आईचं आहे. तुझं अक्षर कधीपासून तिच्यासारखं व्हायला लागलं?

आधी आनंदाचं. काढलेल्या हाडातल्या आजाराचे शंभरातले चौऱ्याण्णव भाग मेलेले निघाले, हे तू शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिलंस. मी ते हिला मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. नव्वदच्या वर म्हणजे औषधांनी काम चोख केलं. अजून चार महिने तीच औषधं घ्यायची आहेत, त्याने तू वैतागलीयस. वैताग. पण घे. वॉकर धरून दाराशी जाऊन आलीस आणि गुडघा चाळीस अंशांपर्यंत वाकतो, हेही कळलं. व्यायाम करून घेणाऱ्या ताई दुष्ट आहेत असं म्हणतेस, तर त्या तशाच असायला हव्यात.

आई माझी पत्रं कपाटात न उघडता ठेवते आणि ती खाली चहा प्यायला गेली की तू उघडतेस, असं लिहिलंयस. २२ जुलैचं तिने वाचलं, त्यानंतर एकही नाही. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे तुला सांगायला मला आता तोंड नाही. आईचा राग बरोबर आहे. तिला त्यातून बाहेर काढायचा प्रयत्न तू करू नकोस.

आता तुझा प्रश्न. तो मी इथे तसाच उतरवून घेतो, म्हणजे मला दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर देता येणार नाही.

'मामा, तू आईला लिहिलंयस की मी गुडघा धरून आले होते. मी गुडघा नव्हता धरला. टेबलावर मी तुला सांगितलं होतं, इथे नाही, जरा वर. तुला ऐकू आलं नव्हतं का? मशीनच्या आवाजाने? आलं नसेल तर तसं सांग. मी आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.'

मशीनचा आवाज नव्हता. मी ते अजून चालूच केलं नव्हतं. मला ऐकू आलं होतं.

तू म्हणालीस, "मामा, इथे नाही रे, जरा वर." आणि मांडीवर हात ठेवलास, गुडघ्याच्या चार बोटं वर, बरोबर जागेवर. मी तुझा हात उचलून बाजूला ठेवला आणि म्हणालो, "हलू नकोस. चिठ्ठीत गुडघा लिहिलाय." चिठ्ठीत जे लिहिलंय त्याच भागाचा फोटो काढायचा, असा आमचा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण चिठ्ठीत गुडघा मीच लिहायला लावला होता, तुला न विचारता. डॉक्टर दोन दारं सोडून बसले होते. मी जाऊन 'ती वर म्हणतेय' एवढं सांगितलं असतं तर त्यांनी चिठ्ठी बदलून दिली असती. पण मग मला कबूल करावं लागलं असतं की मी आधी अंदाजाने बोललो होतो, तेही पन्नास माणसांसमोर. आणि मला वाटलं, बावीस वर्षं काम करतोय, या पोरीला काय कळतंय. तू परत एकदा तोंड उघडलंस. मी "श्वास रोखून धर" म्हणालो. गुडघ्याच्या फोटोला श्वास रोखायची गरज नसते. तू गप्प बसावीस म्हणून म्हणालो.

आईला सगळं सांगितलं असं वाटावं म्हणून मी एवढं लांब पत्र लिहिलं आणि त्यात हीच एक गोष्ट बदलली. दोष चौकोनाचा असला तर तो अजून सहन होतो. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, हे सहन होत नव्हतं. तू सहा महिने ते एकटी पोटात घेऊन बसलीस. सुया टोचून घेत होतीस, तोंड आलेलं, आणि वर माझी बाजू सांभाळत होतीस. ते तुझं काम नव्हतं. मला फार वाईट वाटतं.

आता एक ऐक. कोणी अंगाला हात लावून 'इथे दुखतं ना' असं विचारलं आणि तिथे दुखत नसेल, तर दुखतं तिथे बोट ठेव आणि ते बघेपर्यंत काढू नकोस. डॉक्टर असो, नर्स असो, कोणीही असो. तुझ्या पायाबद्दल त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा तुला जास्त माहीत होतं.

हे पत्र आईला दाखवायचं की नाही, याचा विचार तू करू नकोस. मी याचीच दुसरी प्रत हाताने लिहून तिच्या नावाने वेगळ्या पाकिटात आजच टाकतोय. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'ताई, हे एक उघड, मग पुढचं एकही उघडू नकोस.' ती वाचेल आणि रडेल किंवा माझ्याशी कायमची बोलणार नाही, जे होईल ते माझ्या आणि तिच्यात होईल. तुला विचारलंच तर जसं झालं तसं सांग. आईपासून काही लपवून ठेवायचं काम आजपासून तुझ्याकडे नाही.

मामा